सालारजंग तिसरे

नवाब मीर युसुफ अली खान बहादुर, सालारजंग तिसरे (जन्म : पुणे, १३ जून १८८९, मृत्यू : हैदराबाद, २ मार्च १९४९) हे हैदराबाद संस्थानातील एक प्रमुख जहागीरदार, संस्थानाचे दिवाण आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील भारतातील मोठे कलासंग्राहक होते. शस्त्रास्त्रे, हस्तलिखिते, चित्रे, शिल्पे, हस्तिदंती व जेडच्या वस्तू, घड्याळे आणि ग्रंथ अशा अनेक प्रकारांत त्यांनी संग्रह केला. त्यांच्या मृत्यूनंतर या संग्रहातून हैदराबाद येथील सालारजंग संग्रहालय उभे राहिले. सध्याच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा हा त्यांच्या घराण्याच्या जहागिरीचा एक तालुका होता, त्यामुळे मराठवाड्याच्या इतिहासाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे.

या लेखात त्यांच्या जीवनाबरोबरच त्यांच्या शस्त्रसंग्रहाची पार्श्वभूमी आणि त्यांच्या पश्चात त्या संग्रहाचे झालेले स्थित्यंतर यांची माहिती दिली आहे.

घराण्याची पार्श्वभूमी

सालारजंग घराण्याने हैदराबाद संस्थानाला अनेक दिवाण दिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मीर आलम हे दिवाण होते. पुढे मुनीर-उल-मुल्क आणि सिराज-उल-मुल्क यांनी हे पद भूषविले. सिराज-उल-मुल्क यांचे १८५३ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे पुतणे मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, वयाच्या चोविसाव्या वर्षी दिवाण झाले. १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीस वर्षे ते या पदावर होते. महसूल, न्याय, पोलीस व शिक्षण या खात्यांची त्यांनी नव्याने घडी बसविली आणि संस्थानात जिल्हाबंदीची पद्धत आणली.

पहिल्या सालारजंगांनी कारभार हाती घेतला, त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडील मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकल्यामुळे ही वेळ आली होती. १८६० मध्ये रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख परत मिळाला. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. ते मिळविण्यासाठी पहिल्या सालारजंगांनी केलेले प्रयत्न निष्फळ ठरले. १८७६ मध्ये ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. या प्रवासात रोम येथे त्यांनी इटालियन शिल्पकार बेन्झोनी यांचे बुरख्यातील रेबेकाचे संगमरवरी शिल्प विकत घेतले. आज हे शिल्प सालारजंग संग्रहालयातील सर्वाधिक प्रसिद्ध वस्तूंपैकी एक आहे. म्हणजे वस्तू जमविण्याची आवड घराण्यात युसुफ अली खान यांच्या आधीपासून होती.

पहिल्या सालारजंगांचे पुत्र मीर लाइक अली खान, म्हणजे दुसरे सालारजंग, १८८४ ते १८८७ या काळात दिवाण होते. पदावरून दूर झाल्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रारंभिक जीवन

युसुफ अली खान यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यात झाला. वडिलांचे निधन झाले तेव्हा ते एक महिन्याचेही नव्हते. घराण्याचे ते एकमेव वारस होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांच्या पालनपोषणाकडे लक्ष दिले. अज्ञान वारसाच्या जहागिरीचा कारभार संस्थानाच्या देखरेखीखाली चालविण्यात आला. १८९६ मध्ये त्यांना सालारजंग हा किताब मिळाला.

त्यांचे बालपण मुसी नदीच्या दक्षिणेस असलेल्या दिवाण देवडी या वाड्यात गेले. आजोबांनी परदेशातून आणलेल्या वस्तू, पूर्वजांची शस्त्रे, हस्तलिखिते आणि पोशाख यांनी हा वाडा भरलेला होता. पुढे वाढत गेलेल्या संग्रहाचा पाया याच वारशाने घातला.

जहागीर आणि औरंगाबाद सुभा

सालारजंगांची जहागीर सलग नव्हती. अजिंठा, कोप्पळ, यलबुर्गा, कोसगी, दुंदिगल आणि रायगीर हे तालुके तीत येत आणि गावांची संख्या तीनशेहून अधिक होती. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांचे प्रदेश या जहागिरीत होते. संस्थानाच्या वायव्य सीमेवरील अजिंठा हा त्यांतील मराठी मुलूख होता. खानदेशातून दख्खनमध्ये उतरणारा जुना घाटरस्ता अजिंठ्यावरून जात असल्याने या गावाला तटबंदी होती आणि लष्करी महत्त्वही होते.

या भागात जुन्या व नव्या शस्त्रांची गाठ अनेकदा पडली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असई येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांचे इंग्रज सैन्य यांच्यात लढाई झाली. शिंद्यांची कवायती पायदळ चकमकीच्या बंदुकांनी सज्ज होती, तर त्याच फौजेतील घोडदळाचा मोठा भाग भाला आणि तलवार यांवर विसंबून होता. लढाईनंतर जखमी इंग्रज शिपायांसाठी अजिंठा येथे रुग्णालय उभारण्यात आले होते.

औरंगाबाद शहराच्या तटबंदीबाहेर छावणी होती आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटची फौज राहत असे. जून १८५७ मध्ये या फौजेतील पहिल्या घोडदळाच्या शिपायांत असंतोष पसरला. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेले जाणार, अशी शंका त्यांना आली होती. पुण्याहून निघालेल्या जनरल वुडबर्न यांच्या फौजेने औरंगाबादला येऊन हा उठाव मोडून काढला. पकडलेल्यांपैकी काहींना गोळ्या घालण्यात आल्या, तर काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. शहरातील काळा चबुतरा हे ठिकाण या शिक्षांच्या स्मृतीशी जोडलेले असून त्यालाच आज क्रांती चौक म्हणतात. उस्मानपुरा ही वसाहत याच चौकाच्या परिसरात आहे. त्या वेळी हैदराबादेत पहिले सालारजंग दिवाण होते आणि त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली. एकीकडे घराण्याची सत्ता टिकली, तर दुसरीकडे त्याच संस्थानातील शिपायांचा उठाव चिरडला गेला. दख्खनमधील जुन्या शस्त्रांकडे पाहताना या दोन्ही घटना ध्यानात घ्याव्या लागतात.

दिवाणपद

ऑगस्ट १९११ मध्ये मीर उस्मान अली खान सातवे निजाम म्हणून गादीवर आले. महाराजा किशन प्रसाद यांच्या जागी जुलै १९१२ मध्ये त्यांनी सालारजंग तिसरे यांची दिवाण म्हणून नेमणूक केली. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. आजोबा आणि वडील यांच्या पाठोपाठ हे पद मिळविणारे ते घराण्यातील सलग तिसऱ्या पिढीचे दिवाण ठरले.

त्यांची कारकीर्द जेमतेम अडीच वर्षांची झाली. तिच्या अखेरीस पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश साम्राज्याच्या मदतीसाठी संस्थानिकांनी फौजा देऊ केल्या आणि हैदराबादचे भालाईत घोडदळ इजिप्तला रवाना झाले. नोव्हेंबर १९१४ मध्ये सालारजंगांनी पदाचा राजीनामा दिला. निजामाशी झालेले मतभेद हे त्याचे कारण मानले जाते. त्यानंतर दिवाण न नेमता निजामाने काही वर्षे कारभार स्वतःच्या हाती ठेवला आणि १९१९ मध्ये कार्यकारी मंडळ स्थापन केले.

पंचविसाव्या वर्षी राजकारणातून बाजूला झाल्यावर सालारजंगांनी उरलेले आयुष्य मुख्यतः संग्रहाला वाहिले. ते अविवाहित होते. जहागिरीच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा वस्तूंच्या खरेदीवर खर्च होई.

संग्राहक म्हणून कार्य

सालारजंगांनी सुमारे पस्तीस वर्षे सातत्याने संग्रह केला. युरोप आणि मध्यपूर्वेतून त्यांनी स्वतः वस्तू आणल्या. त्यांची आवड सर्वश्रुत झाल्यावर देशोदेशीचे व्यापारी आणि अडते दिवाण देवडीत येऊ लागले. अडचणीत आलेल्या जुन्या घराण्यांकडूनही वस्तू विक्रीस येत. चिनी मातीची भांडी, फ्रेंच सामान, जपानी भरतकाम, इराणी गालिचे, मोगल आणि दख्खनी लघुचित्रे, अरबी व फारसी हस्तलिखिते या सर्वांना त्यांच्या संग्रहात स्थान मिळाले.

एकाच विषयात खोल जाणाऱ्या संग्राहकांपेक्षा त्यांची पद्धत वेगळी होती. त्यामुळे संग्रहात उत्कृष्ट कलाकृतींबरोबर सामान्य प्रतीच्या वस्तूही आल्या. शस्त्रविभागाला मात्र एक लाभ झाला. ढाल-तलवारीशेजारी त्याच काळातील चित्रे, पोशाख, जीन-खोगीर आणि हस्तलिखिते जमा झाल्याने ते शस्त्र कोण, कसे आणि कोणत्या प्रसंगी बाळगत असे, हे अभ्यासकाला ताडून पाहता येते.

शस्त्रसंग्रह

संग्रहातील शस्त्रांमध्ये तलवारी, तेगे, कट्यारी, खंजीर, पेशकब्ज, जंबिये, भाले, ढाली, कड्यांची चिलखते, शिरस्त्राणे, बारूददाने आणि बंदुका यांचा समावेश आहे. भारतीय शस्त्रांच्या जोडीला इराणी आणि तुर्की शस्त्रेही आहेत. जेडच्या दालनातील काही वस्तूही मूळच्या युद्धोपयोगी आहेत. शाहजहानचा किताब कोरलेली तिरंदाजाची अंगठी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्याला इजा होऊ नये म्हणून अशी अंगठी घालत. जहांगीर आणि नूरजहान यांच्या नावाशी जोडलेली रत्नजडित खंजीर व सुरीही या संग्रहात आहे.

दख्खनी शस्त्रांच्या पात्यांसाठी लागणारे उत्तम पोलाद संस्थानातच तयार होत असे. सध्याच्या तेलंगणातील निजामाबादकडील कोनासमुद्रम हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. लोखंड व कर्बयुक्त पदार्थ बंद मुशीत तापवून या पोलादाच्या वड्या पाडत. त्यांपासून घडविलेल्या पात्यावर आम्लाची प्रक्रिया केली की पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. तिला जौहर म्हणत. मुठीवर आणि पात्याच्या मुळाशी सोन्या-चांदीची तार ठोकून केलेले काम कोफ्तगिरी या नावाने ओळखले जाते. एखाद्या शस्त्राचा काळ व प्रदेश ठरविताना अभ्यासक पात्याचा जौहर, मुठीचा घाट, कोफ्तगिरीची शैली आणि कोरीव लेख या चार गोष्टी एकत्र पाहतात. मूठ एका काळातील आणि पाते दुसऱ्या काळातील, असे अनेकदा घडते, कारण चांगले पाते नवी मूठ बसवून पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाई.

या संग्रहातील काही शस्त्रे औरंगजेब, टिपू सुलतान आदींच्या नावांशी परंपरेने जोडलेली आहेत. नाव किंवा किताब कोरलेल्या वस्तूंच्या बाबतीत अशा परंपरेला आधार मिळतो. लेख नसलेल्या शस्त्राबाबत विक्रेत्याचे सांगणे, घराण्याची आठवण आणि घडणीची शैली एवढेच पुरावे उरतात. ख्यातनाम व्यक्तीचे नाव जोडले की शस्त्राची किंमत वाढत असल्याने असे दावे व्यापारात सर्रास केले जात. त्यामुळे अशी नावे सावधपणे स्वीकारली जातात.

बंदुका आणि त्यांच्या पिढ्या

सालारजंगांच्या हयातीत बंदुकीचे स्वरूप झपाट्याने बदलले. जुन्या लष्करी बंदुका संग्रहयोग्य कशा ठरल्या, हे समजण्यासाठी या बदलाचा क्रम उपयुक्त ठरतो.

भारतात सर्वाधिक काळ टिकली ती तोड्याची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून गजाने ठासत आणि रंजकेला जळती वात लावून बार काढत. घडणीस सोपी आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येण्याजोगी असल्याने ती एकोणिसाव्या शतकातही वापरात होती. कवायती फौजांनी अठराव्या शतकात चकमकीची बंदूक स्वीकारली. तीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्फोटक टोपी आली आणि पावसातही बार उडण्याची शक्यता वाढली. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल या पिढीतील होती. तिच्या काडतुसांना लावलेल्या चरबीबद्दलच्या संशयाने १८५७ च्या उठावाला निमित्त मिळाले.

यानंतर बंदूक मागच्या बाजूने भरली जाऊ लागली. ब्रिटिश फौजेने १८६० च्या दशकात जुन्या एन्फिल्ड बंदुकांना झडपेसारखा भाग बसवून स्नायडर रायफल तयार केली आणि १८७१ मध्ये तरफेवर चालणारी मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिच्या चापामागील तरफ खाली ओढली की नळीच्या मागचा ठोकळा खाली झुके आणि रिकामे काडतूस बाहेर पडे. नवे काडतूस घालून तरफ वर केली की बंदूक उडविण्यास सज्ज होई. तिला बाहेरचा घोडा नव्हता आणि एका वेळी एकच काडतूस बसे. अमेरिकेत याच सुमारास तरफेच्या दुसऱ्या प्रकारच्या बंदुका निघाल्या. १८६० ची हेन्री आणि १८६६ ची विंचेस्टर या बंदुकांत नळीखालच्या लांब पोकळीत अनेक काडतुसे भरून ठेवता येत व तरफेच्या प्रत्येक हालचालीसरशी पुढचे काडतूस आपोआप वर येई. १८७७ मध्ये प्लेव्हना येथे तुर्की सैन्याने विंचेस्टर बंदुका वापरून रशियन फौजेची मोठी हानी केली. पुढे पहिल्या महायुद्धात रशियानेच १८९५ च्या नमुन्याच्या सुमारे तीन लाख विंचेस्टर रायफली घेतल्या.

असे असूनही बहुतेक देशांच्या पायदळाने तरफेच्या बंदुकीपेक्षा खिटीची बंदूक पसंत केली. जमिनीवर पालथे पडून तरफ खाली ओढणे अवघड जाई. शिवाय लांब पोकळीत एकामागे एक बसणाऱ्या काडतुसांत टोकदार गोळी धोकादायक ठरे, कारण तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या स्फोटक टोपीवर टेके. परिणामी लष्करी वापरासाठी बनविलेल्या तरफेच्या बंदुका मर्यादित काळ सेवेत राहिल्या. त्यांतील बऱ्याच लढाईत नष्ट झाल्या, काहींमध्ये नंतर फेरफार झाले. मार्टिनी-हेन्रीच्या अनेक बंदुकांना पुढे ०.३०३ इंचाच्या नळ्या बसविण्यात आल्या. त्यामुळे मूळ नळी, मूळ दस्ता आणि पलटणीचे मूळ ठसे शाबूत असलेली बंदूक दुर्मीळ ठरली. संग्राहकांच्या दृष्टीने तिचे मोल याच कारणाने वाढले.

भारतात या बदलाला राजकीय बाजूही होती. १८५७ नंतर ब्रिटिश पलटणींना नवी बंदूक मिळाली की मागच्या पिढीची बंदूक हिंदी पलटणींकडे जाई. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश भारतात परवान्याविना शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आले. संस्थानी मुलखात सरदारांच्या वाड्यांतील शिलेखाने कायम राहिले, पण तेथील तोड्याच्या व चकमकीच्या बंदुका नव्या रायफलींपुढे निरुपयोगी झाल्या होत्या. सत्ता गमावलेल्या शस्त्रांना आता कारागिरी आणि इतिहास म्हणून किंमत येऊ लागली. सालारजंगांनी शस्त्रे जमविली ती याच संधिकाळात. त्यांच्या संग्रहाचा भर धारदार शस्त्रे, चिलखते आणि ठासणीच्या बंदुका यांवर आहे.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४९ रोजी सालारजंग तिसरे यांचे हैदराबाद येथे निधन झाले. दाइरा मीर मोमिन येथील घराण्याच्या दफनभूमीत त्यांना दफन करण्यात आले.

त्यांना अपत्य नव्हते. संग्रहाची निश्चित व्यवस्थाही त्यांच्या हयातीत लागलेली नव्हती. १५ ऑगस्ट १९४९ रोजी संस्थानातील जहागिऱ्या नष्ट करण्याचा कायदा अंमलात आला आणि संग्रहाला पैसा पुरविणारे उत्पन्नही संपले. वारसदार अनेक होते. वस्तू वेगवेगळ्या वाड्यांत पसरलेल्या होत्या. वाटणी झाली असती तर शस्त्रे, चित्रे आणि ग्रंथ निरनिराळ्या हातांत जाऊन विकले गेले असते आणि संग्रहाची एकसंधता कायमची हरपली असती.

समकालीन संग्राहकांशी तुलना केली असता हा धोका अधिक स्पष्ट होतो. औंधचे बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी स्वतः १९३८ मध्ये औंध येथे संग्रहालय उभारून आपल्या संग्रहाला घर दिले. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी हयातीतच, १९६२ मध्ये, आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला आणि अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्याला दिले. सालारजंगांच्या संग्रहाचे भवितव्य मात्र पूर्णतः त्यांच्या पश्चात आलेल्या लोकांच्या निर्णयावर अवलंबून राहिले.

सालारजंग संग्रहालय

संग्रहाच्या देखभालीसाठी सालारजंग इस्टेट समिती नेमण्यात आली. हैदराबादचे तत्कालीन मुख्यमंत्री एम.के. वेलोडी यांनी संग्रहालयाची कल्पना पुढे नेली आणि कलासमीक्षक डॉ. जेम्स कझिन्स यांच्याकडे निरनिराळ्या वाड्यांतील वस्तू एकत्र करून मांडण्याचे काम सोपविले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते दिवाण देवडीत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले.

मालकीचा प्रश्न त्यानंतरही काही वर्षे चालू राहिला. १९५८ मध्ये उच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या आधारे तडजोड होऊन वारसदारांनी संग्रह भारत सरकारला दिला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून या संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. १९६८ मध्ये संग्रह मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत हलविण्यात आला. संग्रहालयात सुमारे ४३,००० कलावस्तू, ९,००० हस्तलिखिते आणि ४७,००० मुद्रित ग्रंथ असल्याचे सांगितले जाते. मूळ संग्रहातील बऱ्याच वस्तू मालकाच्या हयातीत आणि पुढील स्थलांतरात गहाळ झाल्या, असाही समज आहे.

मराठवाड्याशी संबंध आणि वारसा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होऊन हैदराबाद संस्थानाचा मुलूख तीन राज्यांत विभागला गेला. मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. सालारजंगांची जहागीरही याच रीतीने विभागली गेली. अजिंठा महाराष्ट्रात, कोप्पळ व यलबुर्गा आजच्या कर्नाटकात, तर कोसगी तेलंगणात आहे. जहागिरीच्या सर्व भागांतून आलेल्या महसुलावर उभा राहिलेला संग्रह मात्र हैदराबादेत एकत्र राहिला. अजिंठ्याच्या शेतकऱ्यांनी भरलेल्या साऱ्याचा अंश त्यात आहे, ही गोष्ट संग्रहालयाच्या दालनांत सहसा नजरेस येत नाही. दख्खनच्या लष्करी इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकाला म्हणूनच हा संग्रह परका ठरत नाही.

छत्रपती संभाजीनगर शहरातही जुनी शस्त्रे पाहता येतात. महानगरपालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात युद्धपोशाख, चिलखत आणि मराठा व मोगल काळातील शस्त्रे मांडलेली आहेत.

आज भारतात अशा वस्तू जमविणाऱ्याला दोन कायद्यांचा विचार करावा लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तूमूल्य असलेल्या शस्त्रांना सूट आहे. चालू शकणारी बंदूक कितीही जुनी असली तरी ही सूट तिला लागू होत नाही. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. सालारजंगांच्या काळी देशोदेशीच्या बाजारातून मुक्तपणे होणारी शस्त्रांची खरेदी-विक्री त्यामुळे आता त्या स्वरूपात शक्य नाही.

सालारजंग तिसरे यांचे दिवाणपद अल्पकाळाचे ठरले आणि प्रशासक म्हणून आजोबांइतका ठसा त्यांना उमटविता आला नाही. त्यांचे नाव टिकले ते संग्रहामुळे. तो जमविण्याचे श्रेय त्यांचे, तर तो अखंड राखण्याचे श्रेय वाटणीचा हक्क असूनही तडजोड स्वीकारणारे वारसदार, इस्टेट समिती आणि पुढे भारत सरकार यांच्याकडे जाते.